बदल्यांची यादी आणि माझा फोन

आमच्या विभागात बदल्यांची यादी सही होण्याआधीच बाहेर जायची. साहेबांच्या टेबलावर ती पोचेपर्यंत जगदलपूरपासून अंबिकापूरपर्यंत राज्यभरातल्या लोकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरून झालेली असायची. कोण कुठे जाणार हे जाणाऱ्याला आमच्याआधी ठाऊक. मग बदली थांबवायला माणसं यायची, कोणी आमदाराची चिठ्ठी घेऊन, कोणी आईच्या दवाखान्याचे कागद घेऊन. लागोपाठ तीन याद्या अशा फुटल्या आणि साहेब चिडले.

मी तिथे अनुभाग अधिकारी, म्हणजे कक्ष अधिकारी, होते. प्रत्येक नस्ती, म्हणजे फाइल, माझ्या टेबलावरून वर जायची, आणि कुठल्याही प्रस्तावावर नियम काय म्हणतो ते नोटशीटवर लिहायचं काम माझं. बदल्यांची नस्तीही माझ्याचकडे. म्हणजे संशय घ्यायचा तर पहिला माझ्यावरच घ्यायला हवा होता, पण साहेब तसे सरळ होते. ते एका प्रदर्शनाला दिल्लीला गेले आणि येताना एका कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आले. कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये एक सॉफ्टवेअर टाकायचं, की तो कोणाशी बोलतो, काय लिहितो, कुठे जातो, सगळं एका पडद्यावर दिसतं.

"देखिए, क्या चीज़ है," ते मला म्हणाले. "हम लोग अब तक अंदाज़ा लगाते बैठे थे."

मी पत्रक दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, मला राग वगैरे आला नाही. मला ते बघावंसं वाटलं. असं खरंच होतं का, होत असेल तर कसं होतं, आणि कोणालाही विकत मिळतं का.

पुढच्या आठवड्यात कंपनीची मुलगी आली. तिशीच्या आतली, नागपूरची, हातात एक लॅपटॉप आणि कोल्ड्रिंकची अर्धी बाटली. माझ्या टेबलावरची नावाची पाटी वाचून तिनं मराठी सुरू केलं. "मॅडम, तुमच्याकडे एवढ्या दूर ऑफिस काहून बांधलं? स्टेशनपासून येता येता जीव गेला." नवा रायपूरला पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो.

साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. साहेब, ती मुलगी, संगणक शाखेचे दोघे आणि मी. तिला दाखवायला एक फोन हवा होता. साहेबांनी संगणकवाल्यांकडे पाहिलं, त्या दोघांनी खाली पाहिलं. मीच म्हटलं, "माझा घ्या."

तिनं आधी एका कागदावर माझी सही घेतली. मी तो कागद वाचला, कारण वाचायची सवय आहे. प्रात्यक्षिकासाठी फोनमधली माहिती घ्यायला माझी संमती आहे, एवढंच त्यात होतं. घेतलेली माहिती पुढे कुठे जाणार याबद्दल एक ओळ नव्हती. मी सही केली. विचारायला हवं होतं, पण मला पुढचं बघायची घाई झाली होती.

तिनं फोनवर एक लिंक उघडली, चार-पाच ठिकाणी बोट दाबलं आणि फोन मला परत दिला. फोन होता तसाच होता. नवीन चित्र नाही, आवाज नाही, गरमसुद्धा झाला नाही. मग तिनं लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि मी त्या पडद्यावर आले.

म्हणजे माझे फोटो आले. बाबांच्या औषधांच्या पुड्यांचे, गुढ़ियारीच्या बाजारात घेतलेल्या वांग्यांचे, कोण जाणे कशाला काढले होते. शेजारणीला पाठवलेला निरोप आला, की आज नळाला पाणी आलं की माझीही टाकी भरून ठेव. नकाशावर एक निळा ठिपका आला, तो आम्ही बसलो होतो त्याच इमारतीवर. मी गंमतीनं बघत होते. आपल्या घरात आपण पाहुण्यासारखं शिरावं, तसं काहीसं वाटत होतं.

"आता माइक दाखवते," ती म्हणाली. तिनं माझा फोन बाहेरच्या खोलीत बड़े बाबूंच्या टेबलावर ठेवायला लावला. बड़े बाबू म्हणजे आमचे सगळ्यात जुने लिपिक, दोन वर्षांत निवृत्त होणारे. लॅपटॉपमधून त्यांचा आवाज आला, स्वच्छ, जवळून: "ये साहब आज फिर खाना नहीं खाने देंगे."

सगळे हसलो. साहेबही हसले. मग हसू विरलं, कारण बाहेर बड़े बाबू अजून बोलत होते, त्यांच्या जावयाबद्दल, आणि ते आम्ही ऐकायचं नव्हतं. मुलीनं आवाज बंद केला.

नंतर तिनं एक तक्ता उघडला. कोणत्या नंबरावर किती वेळा फोन, किती वेळ. सगळ्यात वर होतं: गॅस एजन्सी. रोज, सुटीचे दिवस सोडून, जेवणाच्या सुटीत, वीस-वीस मिनिटं.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "गैस एजेंसी से रोज़ बीस मिनट?"

संगणकवाल्यांपैकी एक जण हसला आणि लगेच गप्प झाला.

"घर का नंबर है, सर," मी म्हटलं.

"अच्छा," साहेब म्हणाले.

तो नंबर माझ्या धाकट्या भावाचा होता. तो उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. दहाएक वर्षांपूर्वी त्यानं बँकेच्या परीक्षा सोडल्या, तिथं नोकरी धरली आणि गुढ़ियारीच्या एका मुलीशी लग्न केलं. आमच्या जातीतली नाही, आमच्या भाषेतली नाही. बाबांनी त्या दिवशी सांगितलं की या घरात त्याचं नाव निघणार नाही, आणि बाबा बोलले की बोलले. आमचं घर तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत. भोसल्यांच्या वेळेपासून इथं असलेली कुटुंबं आता पंचवीस-तीस उरली असतील, आणि त्या सगळ्यांना आमच्या घरातली ही गोष्ट माहीत होती. आई गेल्यावर घरात मी आणि बाबा. मी लग्न केलं नाही. बाबांची नजर फोनवर पडली तर नको, म्हणून भावाचं नाव मी गॅस एजन्सी ठेवलं होतं, आणि बोलायचे ते ऑफिसातून.

दुसऱ्या दिवशी बदल्यांची नस्ती माझ्याकडून काढून शेजारच्या शाखेकडे गेली. लेखी काही नाही. फक्त बड़े बाबू आले, नस्ती उचलली आणि म्हणाले, "साहब ने मँगवाई है, दीदी." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्याच दुपारी दुसरी नस्ती माझ्याकडे आली: सॉफ्टवेअर खरेदीचा प्रस्ताव, नियमानुसार टीप मांडावी. चोर ठरवलेल्या माणसाकडूनच कुलुपाचा कागद लिहून घ्यायचा, असा प्रकार. तीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा टेबलाशी बसून रडू आलं. जेवणाच्या सुटीत मी भावाला फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले.

"सर, वो नंबर मेरे छोटे भाई का है. पिताजी उससे बात नहीं करते, इसलिए नाम बदलकर रखा है. चाहें तो अभी लगाकर देख लीजिए."

साहेब खुर्चीत सरळ झाले. त्यांना अवघडल्यासारखं झालं. "ये सब बताना ज़रूरी नहीं था."

"आपने देख तो लिया था, सर. आधा देखा था, इसलिए पूरा बता दिया."

त्यांनी पेपरवेट उचलून जागेवर ठेवला. "नोट बना लीजिए," ते म्हणाले. "जो नियम हो, वही लिखिए."

नियम काय आहे, हे मला खरंच माहीत नव्हतं. रजा, पेन्शन, विभागीय चौकशी यांचे नियम मी झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. पण दुसऱ्याचं बोलणं कोणी ऐकावं, याचा नियम कधी लागलाच नव्हता. मी शोधायला लागले आणि त्यात गुंतत गेले. स्टाफ बसमध्ये जाता-येता एक-एक तास मी तेच वाचत होते.

कळलं ते असं. सरकारला ऐकता येतं, पण सरकारमधल्या कोणालाही नाही. ठरावीक यंत्रणाच ते करू शकतात आणि त्यांची यादी आहे. आमचा विभाग त्या यादीच्या जवळपासही नव्हता. ज्यांना अधिकार आहे त्यांनाही गृह विभागाच्या सचिवाचा लेखी हुकूम लागतो, हुकमात कारण लिहावं लागतं, आणि कारणही देशाची सुरक्षा, सार्वजनिक शांतता अशा मोजक्याच गोष्टींपैकी हवं. बदल्यांची यादी फुटली, हे त्यात बसत नाही. हुकमाला मुदत असते, वर एक समिती तो तपासते, आणि काम संपल्यावर ऐकलेलं नष्ट करायचं असतं. शिवाय मालकाला न कळवता कोणाच्या फोनमध्ये शिरणं हा वेगळाच गुन्हा.

पण जितकं वाचलं तितके प्रश्न वाढले. हे नियम मुळात तारेवरचं बोलणं डोळ्यांसमोर ठेवून लिहायला सुरुवात झाली होती. दोन माणसं बोलताहेत, तिसरा ऐकतो आहे. इथे तर माणूस कोणाशी बोलत नसतानाही फोन ऐकत होता. बड़े बाबू फोनवर बोलत नव्हते, ते टेबलाशी बसून पुटपुटत होते. त्याला काय म्हणायचं? मी विधि विभागातल्या एका तरुण अधिकाऱ्याला फोन केला. तो आधी पुस्तकी उत्तर देत होता, मग थांबला. "सच बताऊँ दीदी? इस पर हमको भी ठीक से नहीं पता. आप पूछिए लिखकर. हम भी ढूँढेंगे." मला तो आवडला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बाबांना विचारलं. बाबा जन्मभर रायपूरच्या टेलिफोन एक्सचेंजात होते, ट्रंक कॉल जोडायचे. आता ब्याऐंशीचे. कानाला यंत्र लावतात, पण जुनं सगळं लख्ख आठवतं.

"बाबा, तुम्ही लोकांचं बोलणं ऐकू शकत होते?"

"ऐकू येतच होतं. लाइन लागली का नाही, ते पाहाले ऐकाच लागे. लागली का किल्ली वर करायची, का आपला कान बंद."

"आणि कोणी ऐकाले सांगितलं तर?"

"एकदा साध्या कपड्यातला एक जण आला होता. आमच्या इन्चार्जनं त्याले कागद मागितला. तो म्हणे, कागद येऊन राहिला. इन्चार्ज म्हणे, मग तुम्हीही कागदासंगंच या." बाबा हसले. "दोन दिवसांनी आला कागद घेऊन."

"मग ऐकलं?"

"हव."

"काय ऐकलं?"

"ते सांगत नाही."

चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली असतील. तो फोन करणारा, ऐकायला लावणारा, बहुतेक दोघंही गेले असतील. तरी बाबांनी सांगितलं नाही. मी उठणार होते, तेवढ्यात ते आपणहून बोलायला लागले.

"कागद नसताना मी ऐकलं एकदा. एकदा नाही, पुष्कळदा. एक बाई होती, दर शनिवारी जगदलपूरले नवऱ्याले फोन करे. तीन मिनिटांचा कॉल. हसे फार गोड. मी किल्ली वर करत नव्हतो. वाटे, त्यात काय, मी कोणाले सांगून थोडीच राहिलो. मग एक दिवस तुझ्या आईसंगं गोल बाज़ारात लुगडं घ्याले गेलो, आणि शेजारी ती बोलली. दुकानदाराशी. मी आवाज ओळखला." ते थांबले. "तिच्या घरचं सगळं मले माहीत होतं. तिच्या सासूचं, तिच्या पोटातल्या दुखण्याचं. आणि तिनं माझ्याकडं पाहिलं, जसं कोणाही अनोळखी माणसाकडं पाहते तसं. मले तिथं उभं राहावेना. तुझी आई विचारत राहिली, काहून निघाले, काहून निघाले. तिले सांगितलं नाही."

मी बाबांच्या पलंगाच्या कडेला बसले होते. त्या क्षणी मला कळलं, आठवडाभर मला काय टोचत होतं ते. साहेबांनी माझ्यावर संशय घेतला, ते नव्हतं. माझ्या भावाशी मी रोज बोलते हे आता माझ्या साहेबांना, दोन संगणकवाल्यांना आणि नागपूरच्या एका मुलीला माहीत होतं, आणि एकाच छताखाली राहणाऱ्या माझ्या बापाला नव्हतं.

मी सांगून टाकलं. ऑफिसात काय झालं, गॅस एजन्सी म्हणजे कोण, किती वर्षं, सगळं. त्याला दोन मुली आहेत हेही सांगितलं, कारण ते बाबांना माहीत असेल की नाही याची मला खात्री नव्हती.

बाबांनी कानाचं यंत्र नीट केलं. "तुझ्या साहेबाले माहीत आहे?"

"हो."

"मले आता सांगून राहिली."

"हो बाबा."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मंगळवारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. चहा घेत, औषध घेत, पण बोलत नव्हते. मी ऑफिसात नोटशीट लिहीत होते.

नोटशीट तीन पानांची झाली. शेवटी मी लिहिलं की कार्यालयानं दिलेल्या फोनवर कार्यालयाच्या कामापुरती नजर ठेवायची असेल, तर कर्मचाऱ्याला आधी लेखी कळवून, काय बघणार आणि किती दिवस ठेवणार ते सांगून, तेवढीच ठेवता येईल का, याबद्दल विधि विभागाचं मत घ्यावं. खाजगी फोनबद्दल आणि माइकबद्दल प्रस्ताव मान्य करण्यासारखा दिसत नाही. आणि मान्य झालाच तर यादी हाताळणाऱ्या सगळ्यांना तो सारखा लागू व्हावा. त्या सगळ्यांची पदं मी क्रमानं जोडली. क्रमांक एकवर साहेबांचं पद होतं, कारण यादी पहिल्यांदा त्यांच्याच खोलीत तयार होत होती. मी ते खोडसाळपणानं लिहिलं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज विचार करते तेव्हा थोडा होताच.

बुधवारी साहेबांनी माझ्यासमोर ती नोटशीट वाचली. जोडलेल्या यादीवर ते थांबले. मग खिशातला स्वतःचा फोन काढून टेबलावर पालथा ठेवला, का ते त्यांनाच माहीत.

"मेरा भी?"

"सूची तो आपके यहाँ से ही चलती है, सर."

ते चिडले नाहीत. "विधि को भेज दीजिए," म्हणाले आणि सही केली.

त्याच बुधवारी संध्याकाळी मी घरी आले तर बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. "त्याची शिफ्ट कोणती असते?" त्यांनी विचारलं.

"या आठवड्यात सकाळची. आता घरी असेल."

"लाव."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. भावाला वाटलं मीच आहे. "हाँ दीदी, आज दिन में फोन क्यों नहीं किया?" त्याच्या मागे मुली भांडत होत्या. बाबा ऐकत राहिले. मी बोलायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ते एकदम पुढे वाकले आणि म्हणाले, "मी ऐकून राहिलो आहे. तुझा बाप."

पलीकडे मुलींचाही आवाज थांबला. भाऊ म्हणाला, "बाबा, खाना हो गया?"

"मराठीत विचार."

"जेवण... झालं?"

"नाही अजून," बाबा म्हणाले. "पोट्ट्या काहून भांडून राहिल्या?"

सगळं एका फोनमध्ये सुरळीत झालं नाही. भावजय पहिले काही महिने आमच्याकडे आली नाही आणि मी तिला दोष देत नाही. पण भाऊ मिलमधून सुटला की आठवड्यातून एकदा येतो, अंगावर लोखंडाची धूळ असते म्हणून खुर्चीवर न बसता ओट्यावर बसतो, आणि बाबा त्याला एक्सचेंजच्या गोष्टी सांगतात. तो उत्तरं हिंदीत देतो. बाबांनी आता टोकणं सोडलं आहे.

विधि विभागाचं मत दीड महिन्यानं आलं. चार ओळी. प्रस्ताव मान्य करण्यायोग्य नाही, विभागाला असा अधिकार नाही, कार्यालयीन फोनसाठी वेगळे लेखी निर्देश काढावेत. माइकबद्दल मी जे विचारलं होतं त्यावर लिहिलं होतं, की हा मुद्दा स्वतंत्रपणे परीक्षणाधीन आहे. साहेबांनी त्यावर "देखा" लिहून सही केली. बदल्यांची नस्ती माझ्याकडे परत आली, तीही तशीच न बोलता. पुढची यादी साहेबांनी हातानं लिहिली, स्वतः बसून टाइप केली आणि सही करूनच खोलीबाहेर पाठवली. ती फुटली नाही. आधीच्या कोण फोडत होतं, ते आम्हाला आजही माहीत नाही. बड़े बाबूंना माहीत असावं, असं मला वाटतं, पण ते आता निवृत्त झाले.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हती. माझे ते फोटो, तो तक्ता, बड़े बाबूंचा जावई, हे सगळं त्या लॅपटॉपमध्ये होतं. मी त्या मुलीला फोन केला.

"ते तर मी त्याच दिवशी काढून टाकलं, मॅडम," ती म्हणाली.

"कळेल कसं मला?"

ती विचारात पडली. "आता नाही ते कसं दाखवू? दाखवाले काही असतं, तर काढलं नाही असंच झालं असतं ना."

"आणि तुमच्या कंपनीच्या मोठ्या मशीनवर?"

"ते..." ती थांबली. "खरं सांगू? मले नाही माहीत. मले कोणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत. मी विचारून सांगते."

मला वाटलं, आता तिचा फोन येणार नाही. पण आठवड्याभरानं आला. तिनं वर विचारलं होतं, वरच्यांनी आणखी वर विचारलं होतं, आणि तिथून कळलं होतं की प्रात्यक्षिकाची माहिती तीन महिने ठेवतात. का ठेवतात ते तिला कोणी सांगितलं नाही. तिनं माझ्यासाठी ती काढायला लावली आणि कंपनीच्या कागदावर तसं पत्र पाठवलं. खाली तिची सही होती, आणि सहीशेजारी पेनानं लिहिलेलं, की आता प्रात्यक्षिकाला मी माझाच फोन वापरते.

मी ते पत्र नस्तीला लावलं, पान क्रमांक घातला आणि नस्ती अभिलेख कक्षात पाठवून दिली.